टिंबांच्या दोन ओळी : नावबदलाच्या दस्तावर साक्षीदार मागणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील केंद्र सरकारी कार्यालयांचे आस्थापना अधिकारी,
आणि नावबदलाचे दस्त करून देणारे नोटरी

विषय : साक्षीदार कोण चालेल, याबद्दलचे तोंडी नियम

महोदय, महोदया,

नाव बदलायला निघालेल्या कर्मचाऱ्याला तुमच्या टेबलावर दोन वाक्यं ऐकू येतात. आधी, "दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन या." आणि दस्त, म्हणजे मुद्रांकावरची सही केलेली नावबदलाची घोषणा, होऊन आला की, "हे साक्षीदार चालणार नाहीत." मधलं वाक्य, म्हणजे कोण चालेल हे, कुणी बोलत नाही. लेखी तर कधीच मिळत नाही. असे परत आलेले दस्त आम्हा दस्त लिहिणाऱ्यांच्याच टेबलावर पुन्हा येऊन पडतात, म्हणून हे पत्र. रेल्वेत, टपाल खात्यात, आयुध निर्माण्यांत, आयकर कार्यालयांत, जिथे जिथे सेवापुस्तकातलं नाव बदलायचं असतं तिथल्या सगळ्यांनी ते वाचावं, म्हणून ते खुलं आहे.

किंमत आधी सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात जिथे शंभराचा मुद्रांक चालायचा तिथे पाचशेचा लागतो. सह्या पडलेला मुद्रांक दुसऱ्यांदा वापरता येत नाही. म्हणजे एक साक्षीदार नापसंत झाला की पाचशे रुपये, नोटरीची फी, टंकलेखन आणि दोन माणसांची अर्ध्या दिवसाची रजा एवढं सगळं पाण्यात जातं. वर्तमानपत्रातली जाहिरात तोवर देऊन झालेली असेल आणि नव्या दस्तावरची तारीख जाहिरातीच्या नंतरची पडली, तर जाहिरातही पुन्हा द्यायला सांगणारी कार्यालयं आहेत.

आता नियम काय आहे ते पाहू. केंद्राच्या कर्मचाऱ्याच्या नावबदलासाठी कार्मिक व प्रशिक्षण विभागाचं १२ मार्च १९८७ चं कार्यालयीन ज्ञापन आहे. तुमच्यातल्या बहुतेकांच्या फायलीत त्याची झेरॉक्स असेल, तिचीही झेरॉक्स असेल, म्हणून अक्षरं पुसट झाली असतील. त्यात म्हटलंय की दस्तावर दोन साक्षीदार असणं इष्ट आहे आणि ते शक्यतो कार्यालयप्रमुखाच्या ओळखीचे असावेत. त्यानंतर स्थानिक प्रमुख वर्तमानपत्रात जाहिरात आणि भारताच्या राजपत्राच्या भाग ४ मध्ये प्रसिद्धी, दोन्ही स्वखर्चाने. बस.

'इष्ट' आणि 'शक्यतो'. हे दोन मऊ शब्द तुमच्या टेबलावर येईपर्यंत दगड झालेले असतात. एका कार्यालयात ते 'आपल्याच कार्यालयातले' होतात, दुसऱ्यात 'राजपत्रित अधिकारीच', तिसऱ्यात 'एक तरी वरिष्ठ'. कार्यालयप्रमुखाच्या ओळखीचा माणूस आणि कार्यालयात नोकरीला असलेला माणूस यांत फरक आहे. कँटीनचा ठेकेदारही साहेबांच्या ओळखीचा असतो, आणि तोही चालायला हवा.

राजपत्रित अधिकाऱ्याचा आग्रह कुठून आला, याचा आमचा अंदाज असा आहे. इंग्रजीत 'अटेस्ट' हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांना वापरतात. मूळ कागद पाहून झेरॉक्सवर 'सत्यप्रत' म्हणून सही-शिक्का देणं हे एक काम. ते पूर्वी राजपत्रित अधिकारी करायचे. पुढे केंद्राने २०१३ मध्ये आणि राज्याने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकन (आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करणं) आणलं आणि त्या शिक्क्यासाठीचे हेलपाटे बरेच संपले. दुसरं काम म्हणजे माणसाने आपल्यासमोर सही केली, याची साक्ष म्हणून स्वतः सही करणं. मराठीत यांना साक्षांकन आणि साक्ष असे दोन वेगळे शब्द आहेत, तरी टेबलावर गल्लत होतेच. पहिल्या कामाला पद लागायचं. दुसऱ्याला फक्त डोळे लागतात.

साक्षीदार नव्या नावाला संमती देत नाही. नाव बदलण्याचं कारण खरं की खोटं, हेही तो सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की, या माणसाला मी ओळखतो आणि याने माझ्यादेखत सही केली. दस्तावर अशी साक्ष झाली (इंग्रजीत 'अटेस्टेड') म्हणजे काय, याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मध्ये आहे आणि ती सुटसुटीत आहे. दोन किंवा अधिक साक्षीदार. प्रत्येकाने सही होताना पाहिलेली असावी, किंवा सही करणाऱ्याने 'ही सही माझी' असं स्वतः त्याला सांगितलेलं असावं. प्रत्येकाने आपली सही त्या माणसाच्या समोर करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही आणि ठरावीक मजकूरही लागत नाही. ही व्याख्या मालमत्तेच्या दस्तांसाठी आहे, नावबदलाच्या दस्तासाठी तेवढी कडक अट कुठल्या कायद्याने घातलेली नाही. म्हणजे ही व्याख्या पाळली तर ती पुरेशीहून जास्त आहे. तुम्ही मात्र त्याच्याही पुढे जाता.

तरीही 'कुणीही चालेल' असं आम्ही म्हणत नाही. साक्षीदार निवडण्यात अक्कल लागते, आणि ती कर्मचाऱ्याला आधी सांगितली तर निम्मे दस्त परत येणार नाहीत. आमच्याकडे येणाऱ्याला आम्ही जे सांगतो तेच इथे लिहितो. पटलं तर तुमच्या सूचनाफलकावर लावा.

वय अठरा पूर्ण हवं. दस्तात ज्याचं नाव पक्षकार म्हणून आलं तो साक्षीदार होऊ शकत नाही. हे सगळ्यांना कळतं, पण मुलाच्या नावबदलात हमखास चुकतं. वडील मुलाच्या वतीने दस्त करतात आणि आई साक्षीदार म्हणून सही करते. खाली संमतीच्या ओळीवरही पुन्हा आईचीच सही असते. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाच्या दस्तावर आईवडिलांपैकी कुणीही साक्षीदाराच्या ओळीवर नको. नवरा, बायको, भाऊ यांना कायदा सरसकट मनाई करत नाही, पण लग्नानंतरच्या किंवा घटस्फोटानंतरच्या नावबदलात घरचा माणूस घेतला की कुणीतरी बोट ठेवणारच. तेव्हा घराबाहेरचा घ्यावा. सर्वांत बरी जोडी म्हणजे एक साक्षीदार कामाच्या ठिकाणचा आणि एक राहत्या पत्त्याजवळचा. एक नोकरीतली ओळख सांगतो, दुसरा घरची, आणि दस्ताच्या पहिल्या ओळीत या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात.

साक्षीदाराचं स्वतःचं नाव धड असावं. हे ऐकून लोक हसतात, पण नावबदलाचा दस्त साक्षीदाराच्या नावावरून परत येणं ही रोजची गोष्ट आहे. आधारवर तिन्ही नावं पूर्ण, सही मात्र 'एस. डी. पाटील'. किंवा साक्षीदार बाईंच्या आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं, आणि दस्तावर त्यांनी तिसरंच, दोन्ही आडनावं जोडून लिहिलेलं. साक्षीदाराने जे ओळखपत्र दाखवलं त्यावर जसं छापलंय तसंच पूर्ण नाव सहीखाली सुट्या अक्षरांत लिहावं. सही कितीही फर्राटेदार असू दे, तिच्या खालचं नाव वाचता आलं पाहिजे. ज्याचा स्वतःचा नावबदल चालू आहे त्याला घेऊ नये. दोन सहकारी एकमेकांच्या दस्तावर साक्षीदार होतात. त्यात गैर काही नाही, पण पुढे दोघांच्याही फायलीत न जुळणारं एक नाव कायमचं राहून जातं. पुढच्या पिढीत तर हे आणखी अवघड होणार आहे, कारण १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याने आईचंही नाव घातलंय, आणि चार शब्दांचं नाव लिहायला तुमच्या छापील नमुन्यात जागाच नाही.

साक्षीदार पुढे सापडला पाहिजे. नावबदलाचा प्रश्न खरा उठतो तो निवृत्तीवेतनाच्या वेळी, भविष्य निर्वाह निधीच्या वेळी, कधी वारस नोंदीच्या वेळी, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी. अशा वेळी वजन म्हणून घेतलेले निवृत्तीला टेकलेले साहेब कामाला येत नाहीत. चाळिशीच्या आतला, गावात घर असलेला सहकारी जास्त उपयोगाचा. साक्षीदाराचा पत्ताही क्वार्टरचा न लिहिता कायमचा लिहावा. बदली झाली की क्वार्टर दुसऱ्याची होते.

आणि साक्षीदाराने पदाचा शिक्का मारू नये. तो तिथे स्वतःच्या नात्याने सही करतोय. शिक्का मारला की 'अधिकृत साक्षांकन केलं का, परवानगी कुणी दिली' अशी वेगळीच फाइल उघडते. एका बाजूला तुम्ही राजपत्रित अधिकारी मागता आणि दुसऱ्या बाजूला शिक्का दिसला की खुलासा मागता, यातलं काहीतरी एक ठरवा.

आता सह्या. इथे चूक आमच्या, म्हणजे दस्त करून देणाऱ्यांच्या बाजूचीही असते, ते कबूल करतो. कर्मचाऱ्याच्या नावबदलाच्या दस्तावर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी सही करायची असते. माणूस नव्या नावाच्या उत्साहात असतो. तो साक्षीदारांसमोर फक्त नवी सही करतो, आणि घरी गेल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून जुनी सही मागाहून घालतो. तिला मग साक्षीदारच उरत नाही. दोन्ही सह्या साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, एकाच बैठकीत, एकाच पेनाने व्हाव्यात. मग पहिला साक्षीदार, मग दुसरा, आणि प्रत्येकाने आपल्या हाताने तारीख घालावी. मुद्रांकाच्या मागे विक्रीची तारीख असते. साक्षीदाराची तारीख त्याच्या आधीची पडली तर तो दस्त वाचवायला ब्रह्मदेवही येणार नाही. मुद्रांक घरात पडून असेल तर तो घेऊन सहा महिने उलटले नाहीत ना, हेही बघावं.

शेवटच्या पानाकडे जरा जवळून बघा. मजकूर आदल्या पानावर संपलेला, आणि या पानावर फक्त सह्या. असं पान कुठल्याही दस्ताला जोडता येतं, म्हणून त्यावर कुणी शंका घेतली तर ती रास्तच आहे. टंकलेखकाने ओळींमधलं अंतर थोडं वाढवून शेवटच्या परिच्छेदाच्या दोन-तीन ओळी तरी सह्यांच्या पानावर आणाव्यात. आणि टिंबांच्या नुसत्या ओळी सोडण्याऐवजी एवढं छापावं : 'वर नमूद व्यक्तीस मी ओळखतो/ओळखते. तिने माझ्यासमोर जुन्या व नव्या दोन्ही नावांनी सही केली. साक्षीदाराचे पूर्ण नाव (ओळखपत्राप्रमाणे), वय, व्यवसाय, कायमचा पत्ता, सही, तारीख, ठिकाण.' चार ओळींचं काम आहे. या चार ओळी नसल्या की साक्षीदार नाव आणि सही एवढंच टाकून चहाला निघून जातो.

व्हिडिओ कॉलवर साक्ष होते का, असं हल्ली विचारतात. दस्त एका गावात, साक्षीदार दुसऱ्या गावात, तर तो सही कशावर करणार? कुरियरने आलेल्या कागदावर दोन दिवसांनी एकट्याने सही करून तो 'माझ्यासमोर' म्हणत असेल, तर ते खोटं आहे.

नोटरींना वेगळं सांगायचंय. प्रतिज्ञापत्र आणि दस्त हे दोन कागद आहेत. प्रतिज्ञापत्राला साक्षीदार लागत नाहीत. तिथे शपथ घेणाऱ्याची ओळख पटवणारा असतो, बहुधा वकील. त्याची 'मी ओळखतो' ही सही म्हणजे दस्तावरची साक्ष नव्हे. तरी प्रतिज्ञापत्रावर दोन-दोन साक्षीदारांच्या सह्या आणि दस्तावर एकही नाही, असे उलटे संच आमच्यापर्यंत येतात. तुमची स्वतःची सही, दस्त लिहिणाऱ्याची सही, नोंदणी अधिकाऱ्याची सही, यांतली कुठलीही आपोआप साक्षीदाराची होत नाही. साक्ष देण्याच्या हेतूने केलेली सही हीच साक्ष, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून ठेवलंय. आणि कचेरीच्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर बसलेला, दिवसाला डझनभर दस्तांवर सही करणारा तो माणूस तुम्हालाही ठाऊक आहे, आम्हालाही. त्याची सही शंभर-दोनशेत मिळते आणि त्याचा पत्ता दर दस्तावर थोडा थोडा बदलतो. साक्षीदार सोबत नसेल तर पक्षकाराला परत पाठवा. तो चिडेल. पाठवाच.

मात्र लोक त्या टपरीकडे का जातात, याचं उत्तर पुन्हा आस्थापना शाखेकडे येतं. आपल्याच कार्यालयातला साक्षीदार आणा, असं सांगितलं की त्याचा अर्थ काय होतो ते बघा. जातवाचक आडनाव टाकून द्यायचं ठरवलेल्या माणसाने ते का टाकतोय हे आधी शेजारच्या टेबलाला समजावून सांगायचं. नवऱ्याचं नाव काढणाऱ्या बाईने आपल्या घटस्फोटाची बातमी कार्यालयात स्वतःच फिरवायची. ज्यांना ही चर्चा नको असते ते मुकाट्याने फाटकावरचा साक्षीदार विकत घेतात आणि तुमच्यासमोर ठेवतात. पारलिंगी कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर २०१९ च्या अधिनियमाखाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळालेलं ओळख प्रमाणपत्र असेल, तर त्याच्या आधारे कागदपत्रांतलं पहिलं नाव बदलून घेण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. तिथे दस्त आणि साक्षीदार मागण्याचं कारणच काय?

आणखी एक छोटी गोष्ट, पण तिने फार छळलंय. राजपत्रासाठीच्या विहित नमुन्यावर अर्जदाराची आणि दोन साक्षीदारांची सही लागते, आणि नमुना संगणकावर टाइप केलेला हवा. त्याची सॉफ्ट कॉपी द्यायची असते (वर्षानुवर्षं ती सीडीवर मागतात, आणि सीडी लिहिणारा संगणक शोधायला लोक गावभर फिरतात). सॉफ्ट कॉपीत सहीच्या जागी जुनं नाव टाइप करायचं आणि साक्षीदारांचा भाग गाळायचा. त्यासोबत 'दोन्हींचा मजकूर एकच आहे' असं प्रमाणपत्र जोडायचं. आता कार्यालयातून अर्ज पुढे पाठवताना कुणीतरी म्हणतं, साक्षीदार एकीकडे आहेत, दुसरीकडे नाहीत, मग मजकूर एकच कसा? आणि संच परत येतो. साक्षीदार हा प्रसिद्ध होणाऱ्या सूचनेचा भाग नाही, म्हणून तो सॉफ्ट कॉपीत नसतो. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा, महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनचा. त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण दोन्हीकडचे नमुने एकमेकांत मिसळून देणाऱ्यांनी कृपा करून थांबावं.

आमच्या मागण्या अशा.

साक्षीदार त्याच कार्यालयातला किंवा राजपत्रित असावा ही तोंडी अट मागे घ्या. ती ठेवायचीच असेल तर ज्या आदेशाने ठेवली त्याचा क्रमांक आणि तारीख कर्मचाऱ्याला लेखी द्या.

साक्षीदार कसा असावा, कुणी होऊ नये आणि सहीखाली काय काय लिहावं, हे अर्ध्या पानावर मराठीत छापून नावबदलाचा नमुना देतानाच सोबत द्या. मुद्रांक खरेदी होण्याआधी ते हातात पडलं पाहिजे.

त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदाच, एका कागदावर. आज साक्षीदाराचं वय नाही, पुढच्या आठवड्यात पिनकोड नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात सही पुसट, हे बंद करा.

साक्षीदाराच्या तपशिलात चूक असेल तर अख्खा दस्त रद्द करू नका. नाव बदललं ते सही करणाऱ्याच्या घोषणेने. साक्षीदाराचा पिनकोड चुकला म्हणून ती घोषणा पुसली जात नाही. त्या साक्षीदाराचं एक पानी प्रतिज्ञापत्र घ्या आणि दस्ताला जोडा. साक्षीदार मरण पावला असेल किंवा सापडत नसेल, तर दुसरा धडधाकट आहे का तेवढं पाहा.

साक्षीदाराच्या आधारची पूर्ण झेरॉक्स मागू नका. शेजाऱ्याच्या नावबदलासाठी सही करणाऱ्या माणसाचा आधार क्रमांक तुमच्या कपाटात कशाला हवा? शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क्ड प्रत किंवा मतदार ओळखपत्र घ्या, किंवा मूळ पाहून परत करा.

आणि राजपत्राचे नमुने ज्यांच्या हातात आहेत त्या प्रकाशन विभागाकडे तुमच्यामार्फत एक विनंती पोहोचू द्या : 'साक्षीदार १' आणि 'साक्षीदार २' यांच्या खाली टिंबांच्या ओळी आहेत, तिथेच वय, कायमचा पत्ता आणि 'माझ्यासमोर सही केली' एवढं छापून टाका.

या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर ते तुमच्या सूचनाफलकावर लावा, आम्ही तिथून उतरवून घेऊ. तोवर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगू की, मुद्रांक घेण्याआधी आस्थापना शाखेत जा, साक्षीदार कोण चालेल ते विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आपले,
नावबदलाचे दस्त लिहिणारे काही जण